ग्लॅडिओलस लावताय? आधी कंदाकडे बघा

गणपतीच्या आराशीत, लग्नाच्या स्टेजवर, हॉटेलच्या दारातल्या उंच फुलदाणीत ग्लॅडिओलसचे दांडे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. ही फुलं घरी येणं अवघड असणार असं अनेकांना वाटतं, पण पहिल्या हंगामात फूल आणणं तसं सोपं आहे. चांगला कंद मातीत ठेवला, ऊन-पाणी मिळालं की अडीच-तीन महिन्यांत दांडा येतो, कारण त्या फुलापुरती शिदोरी कंदाने आधीच बांधून आणलेली असते. खरी गाडी अडते ती दुसऱ्या हंगामात. फूल झालं की लोक पाणी तोडतात, पानं छाटतात, कंद कुंडीतच विसरतात आणि पुढच्या वर्षी नुसती पानं येतात. मग कंद खराब होते, नर्सरीवाल्याने फसवलं, असा निष्कर्ष निघतो.

म्हणून या लेखात फुलापेक्षा कंदाला जास्त जागा दिली आहे. कंद सांभाळता आला की तेच झाड वर्षानुवर्षं तुमच्याकडे राहतं, वाढतं आणि चार जणांना वाटताही येतं.

मातीखाली काय चालतं ते आधी समजून घ्या

कांदा उभा चिरला तर एकात एक पापुद्रे दिसतात. ग्लॅडिओलसचा कंद चिरलात तर आत बटाट्यासारखा सलग गर असतो. तो म्हणजे खोडाचाच फुगलेला बुंधा. वरचे तपकिरी, कागदासारखे पापुद्रे सोलले की कंदावर आडव्या रेषा दिसतात आणि त्या रेषांवर डोळे असतात. माथ्यावरचा डोळा सर्वांत जोमदार. बहुतेक वेळा पहिला कोंब तिथूनच फुटतो. केशराचा कंदही याच प्रकारातला आणि ग्लॅडिओलस त्याच्याच कुळातला.

आता महत्त्वाचं. आपण लावलेला कंद त्या हंगामात संपतो. कोंबाला अन्न पुरवता पुरवता तो आक्रसत जातो आणि त्याच्या डोक्यावर, खोडाच्या तळाशी, नवा कंद तयार होतो. जुन्या आणि नव्या कंदाच्या सांध्याभोवती हरभऱ्याएवढे, कधी ज्वारीएवढे छोटे कंद धरतात. पुढच्या वर्षी आपण लावणार तो हा नवा कंद. तो लिंबाएवढा होणार की सुपारीएवढा, हे यंदाच्या पानांनी किती दिवस ऊन खाल्लं त्यावर ठरतं. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट याच कारणासाठी आहे.

कंद विकत घेताना

पहिल्यांदा लावणाऱ्याने कंदाच्या आकारात तडजोड करू नये. 4 ते 5 सेंटिमीटर व्यासाचा कंद हवा. त्याहून बारीक कंदाला फूल येईलच असं नाही, आणि आलं तर दांडा आखूड, कळ्या मोजक्या. परदेशातून आलेल्या कंदांच्या पिशवीवर 10/12 किंवा 12/14 असे आकडे असतात. तो व्यास नसून सेंटिमीटरमधला परीघ असतो. 12/14 म्हणजे साधारण चार सेंटिमीटर व्यास, आणि घरासाठी हाच आकार घ्यावा.

कंद हातात घेऊन बघा. आकाराने मोठा पण चपटा, पसरट कंद आणि त्याच वजनाचा थोडा लहान पण उंच माथ्याचा कंद समोर असेल तर दुसरा घ्या. चपटा कंद बऱ्याचदा जुना असतो, एकदोन हंगाम फुलं देऊन दमलेला. उंच माथ्याचा कंद तरुण असतो. अंगठ्याने दाबल्यावर तो कडक लागला पाहिजे. तळाशी, जिथून मुळं फुटतात ती गोल चकती, कोरडी आणि अखंड हवी. तिथे भुरकट-काळा खोलगट डाग असेल, नख लावल्यावर मऊ लागत असेल, तर तो कंदकुजीचा कंद आहे. स्वस्त मिळतोय म्हणूनही तो घेऊ नका, कारण ही बुरशी मातीत शिरली की वर्षानुवर्षं तिथेच राहते.

विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: कंद कधी काढलेत आणि शीतगृहात होते का? नुकत्याच काढलेल्या कंदाला दोन-तीन महिन्यांची झोप असते. या सुप्तावस्थेत तो मातीत ठेवला तरी फुटत नाही, नुसता पडून राहतो आणि पाणी जास्त झालं तर कुजतो. 3 ते 5 अंश तापमानात दोन-तीन महिने राहिलेले कंद एकसारखे आणि लवकर उगवतात. माथ्यावर कोंबाचं टोक आणि तळाला मुळांचे बारीक दाणे दिसत असतील तर तो कंद लावायला तयार आहे, काही विचारायचीही गरज नाही.

जातींच्या बाबतीत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले तेजस, फुले नीलरेखा या जाती आपल्या हवेत तयार झालेल्या आहेत. बाजारात अमेरिकन ब्युटी, व्हाइट प्रॉस्पेरिटी, नोव्हा लक्स, हंटिंग साँग, पीटर पीअर्स ही नावंही कायम ऐकू येतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या जातीही चांगल्या आहेत. माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी रंगांचं मिश्र पाकीट घेऊ नका. एकाच जातीचे दहा-पंधरा कंद घ्या. सगळे एकाच वेळी वाढतात, एकाच वेळी फुलतात, आणि त्यामुळे एखादं झाड मागे पडलं तर लगेच लक्षात येतं.

लागवडीची वेळ

पुणे, नाशिक, सातारा, सांगली या पट्ट्यात जून ते ऑक्टोबर कधीही लावता येतं. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातली लागवड टाळा, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा. विदर्भ-मराठवाड्यातही ऑक्टोबर उत्तम. उन्हाळी लागवडीच्या नादाला नवख्याने लागू नये. 35 अंशांच्या वर पारा गेला की दांडे आखूड राहतात आणि कळ्यांच्या कडा करपतात.

मला स्वतःला ऑक्टोबरची लागवड सर्वांत आवडते. बुरशीचा जोर कमी असतो, थंडीत फुलांचा रंग गडद येतो आणि कंद मार्चच्या कोरड्या हवेत काढायला मिळतात, त्यामुळे ते चांगले सुकतात.

सणासाठी फुलं हवी असतील तर त्या तारखेपासून 80-85 दिवस मागे मोजा. काही जाती 65-70 दिवसांत येतात, काही 100 दिवस घेतात, आणि थंडीत प्रत्येकीला थोडे जास्तच लागतात. म्हणून एका तारखेवर सगळे कंद लावण्यापेक्षा दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत लावा. एक टप्पा तरी सणावर साधतो, आणि घरात महिनाभर फुलं राहतात.

परदेशात, जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे, हे चक्र उलटं चालतं. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी वसंतात रात्री गोठणं थांबल्यावर कंद लावावेत, उन्हाळ्यात फुलं घ्यावीत आणि कडाक्याची थंडी पडण्याआधी कंद काढून घरात आणावेत. बाकी सगळी पद्धत तीच.

जागा आणि माती

किमान सहा तास थेट ऊन. यात सवलत नाही. बाल्कनीत दोन-तीन तासच ऊन येत असेल तर ग्लॅडिओलसवर पैसे घालवू नका. पानं लांब वाढून लोळतील, दांडा आतल्या आतच जिरेल. गच्ची असेल तर मात्र मजा आहे.

मध्यम, भुसभुशीत, पाणी न साचणारी जमीन हवी, सामू (pH) 6 ते 7 च्या दरम्यान. भारी काळ्या मातीत कंद कुजतात आणि काढताना चिखलाच्या गोळ्यासकट हातात येतात. अशी माती असेल तर शेणखत आणि वाळू मिसळून 20-30 सेंटिमीटर उंच गादीवाफा करा आणि त्यावर लावा. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही, कोवळी पानं शिरांमध्ये पिवळी पडतात. तिथे कुंडीच बरी.

कुंडी 12 इंची आणि खोलीलाही तेवढीच घ्या. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू. एका कुंडीत चार-पाच कंद. एकेकट्या कंदाची कुंडी उघडीबोडकी दिसते, आणि एकत्र वाढलेली झाडं एकमेकांना आधार देतात.

आधी त्या जागी ग्लॅडिओलस होता का, हेही बघा. त्याच मातीत लागोपाठ लावू नका, दोन-तीन वर्षांचं अंतर ठेवा. कुंडीत हे सोपं आहे: माती दुसऱ्या झाडांना द्या आणि ग्लॅडिओलसला नवी भरा. शेजारी घेवडा लावू नका, कारण घेवड्यावरचा मोझॅक विषाणू मावा या झाडावर आणून सोडतो, आणि विषाणू लागलेला कंद कायमचा बिघडतो.

लावायचं कसं

आदल्या दिवशी कंदावरचे सैल पापुद्रे काढा. घट्ट बसलेले ओरबाडू नका. पापुद्रे निघाले की डाग, फुलकिडे (रस शोषणारे बारीक किडे), कुजकी जागा सगळं उघड दिसतं. चांगले कंद निवडून एक लिटर पाण्यात 2 ग्रॅम कॅप्टन (बुरशीनाशक) या द्रावणात 20 ते 30 मिनिटं बुडवा आणि सावलीत सुकवा. हातमोजे घाला आणि ते भांडं पुन्हा घरात वापरू नका. रसायन नको असेल तर ट्रायकोडर्माच्या द्रावणात बुडवा. दोन्ही एकदम मात्र करू नका, ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी असल्यामुळे बुरशीनाशकाने तीच मरते.

वाफ्याला आधी पाणी द्या आणि वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाल्यावर, लावा. दोन ओळींत 30 सेंटिमीटर, दोन कंदांत 15 ते 20 सेंटिमीटर. कुंडीत 8-10 सेंटिमीटर पुरे. कोंब वर ठेवून कंद मातीत बसवा आणि वर 5 ते 7 सेंटिमीटर माती येईल इतकं खोल लावा. हलकी माती असेल तर थोडं आणखी खोल. उथळ लावलेलं झाड फुलांच्या वजनाने हमखास आडवं होतं. कंद उलटा पडला तरी कोंब वळून वर येतो, पण त्यात दिवस जातात आणि खोड वाकडं निघतं.

लावल्यानंतर तीन-चार दिवसांनी हलकं आंबवणीचं पाणी द्यायचं. मग कोंब वर येईपर्यंत हात आवरा. मुळं फुटण्याआधी माती चिंब ठेवली की कंद कुजतो, आणि नवखे लोक सर्वांत जास्त कंद याच पंधरवड्यात गमावतात. बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी.

दहा-पंधरा दिवसांत तलवारीच्या पात्यासारखे टोकदार कोंब दिसतील. एका कंदाला दोन-तीन कोंब आले तर जोमदार एक किंवा फार तर दोन ठेवा, बाकीचे मुळाशी दाबून धरून पिरगाळून काढा. सगळे ठेवले तर सगळेच दांडे बारीक येतात.

दोन पानांपासून सात पानांपर्यंत

या झाडाचं वय दिवसांपेक्षा पानांवरून मोजणं सोयीचं. दोन-तीन पानं दिसतात तेव्हाच आत, डोळ्याला न दिसणारा दांडा तयार व्हायला सुरुवात होते. तिथून सातव्या पानापर्यंत पाण्याचा ताण पडता कामा नये. या काळात आठवडाभर गावाला जाऊन झाड सुकवलंत तर परत आल्यावर पाणी देऊन पानं सावरतील, पण दांडा आतच वाळलेला असतो. जमिनीत हिवाळ्यात सात-आठ दिवसांनी भरपूर पाणी, कुंडीत एक-दोन दिवसांआड. वरून फवारून देण्यापेक्षा मुळाशी द्या.

खतं याच टप्प्यांवर बसवायची. शेतीसाठी हेक्टरी 300 किलो नत्र (नायट्रोजन) आणि प्रत्येकी 200 किलो स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅश) अशी मात्रा सांगितली जाते. घरच्या वाफ्यात चौरस मीटरला चार-पाच किलो शेणखत घातलेलं असेल तर त्याच्या निम्म्यावर भागतं. त्यासाठी चौरस मीटरला 10 ग्रॅम युरिया तीन वेळा, दोन, चार आणि सहा पानांवर, झाडापासून चार बोटं लांब टाकून मातीत मिसळा. स्फुरद आणि पालाश लागवडीआधीच मातीत घाला. कुंडीसाठी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला 2 ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार, लुसलुशीत होतात, झाड लोळतं आणि कंद साठवणीत कुजतो.

स्फुरदाबद्दल एक इशारा. सुपर फॉस्फेट या स्फुरदाच्या खतात फ्लोराइडचा अंश असतो आणि ग्लॅडिओलसला फ्लोराइड अजिबात सोसत नाही. पानांची टोकं आणि कडा करपत खाली येतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी वापरा. टोकं जळालेली दिसली की आपण पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी ओततो, त्याने काहीच सुधारत नाही.

तीन-चार पानं झाली, झाड वीतभर झालं की बुंध्याशी आठ-दहा सेंटिमीटर मातीची भर द्या. तण हाताने उपटा, खुरपं खोल घालू नका. या सुमारास नव्या कंदाच्या तळातून जाड, पांढरी, आवळणारी मुळं निघतात आणि कंदाला खाली ओढून धरतात. ती तुटली तर झाड डुगडुगतं. उंच जातींना बांबूची काठी लावा, किंवा ओळीच्या दोन्ही बाजूंना सुतळी ताणा. काठी दांडा वर येण्याआधीच रोवायची, कंदापासून चार बोटं दूर, म्हणजे ती कंदात घुसत नाही.

सहा-सात पानांनंतर पानांचा पंखा मधोमध दोन बोटांच्या चिमटीत धरून हळूच खालून वर बोटं सरकवा. नुसती पानं असतील तर चपटं लागतं. दांडा असेल तर आत गोल, भरीव, पेन्सिलीएवढं काहीतरी लागतं, आणि वरच्या टोकाकडे कळ्यांची बारीक उंचसखल रांग जाणवते. दांडा बाहेर यायला मग आठ-दहा दिवस राहिलेले असतात. हे एकदा हाताला कळलं की पुन्हा पानं उलगडून बघायची गरज पडत नाही, आणि उलगडूही नयेत.

किडी आणि रोग

फुलकिडे हा या झाडाचा पहिला शत्रू. पानांवर आणि कळ्यांवर रुपेरी चट्टे, न उमलणाऱ्या चिकटलेल्या कळ्या ही खूण. पाचव्या पानापासूनच निळे चिकट सापळे लावा आणि दर आठ दिवसांनी निंबोळी अर्क फवारा. संध्याकाळी फवारायचं, पानांच्या बेचक्यात औषध गेलं पाहिजे, किडे तिथेच बसतात. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. अळ्या हाताने वेचा.

रोगांत मर म्हणजे कंदकूज सर्वांत वाईट. बाहेरची पानं एका बाजूने पिवळी पडतात, वाकतात, आणि झाड अलगद उपटून येतं. ते मातीसकट काढून फेका, कंपोस्टमध्ये टाकू नका. यावर नंतर औषध चालत नाही. निवडलेला कंद, औषधात बुडवलेला कंद आणि निचऱ्याची माती एवढंच संरक्षण.

दांडा कापताना किती पानं ठेवायची

खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की दांडा कापायचा. सगळं उमलायची वाट बघू नका. कळ्या खालून वर एकेक उमलत जातात, त्यामुळे घरात आठ-दहा दिवस रोज नवं फूल मिळतं. सकाळी, धारदार सुरीने, तिरपा काप द्या आणि दांडा लगेच पाण्यात ठेवा. आडवा ठेवलात तर दोन-तीन तासांत शेंडा वर वळतो आणि मग सरळ होत नाही. बाजारातले दांडे उभे करून नेतात ते याचसाठी. फुलदाणीतलं पाणी रोज बदला, देठाचं टोक दोन दिवसांनी बोटभर कापा, सुकलेली खालची फुलं काढत राहा.

आता कंदाच्या दृष्टीने. दांडा जेवढा लांब कापाल तेवढी पानं सोबत जातात. झाडावर किमान चार पानं राहिलीच पाहिजेत, पाच राहिली तर उत्तम. सुरीचं टोक पानांच्या मधून आत घालून फक्त दांडा कापता येतो, थोडा सराव लागतो. फुलदाणीत दांडा वीतभर आखूड दिसला तरी चालेल, पण जमिनीलगत कापलेल्या झाडाचा कंद पुढच्या वर्षी फूल देत नाही. दांडा झाडावरच ठेवला असेल तर फुलं सुकताच तो कापा. बिया धरू दिल्या तर कंदाला मिळायचं अन्न बोंडात जातं.

फूल गेल्यानंतरचे सहा ते आठ आठवडे

बहुतेक लोकांचं लक्ष इथे उडतं, आणि कंद नेमका याच काळात पोसतो. दांडा कापला त्या दिवशी झाड उपटून बघितलंत तर जुना कंद सुरकुतलेला आणि त्यावर बसलेला नवा कंद अजून लहान, पांढरट, पाणचट दिसेल. पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत तो फुगतो, घट्ट होतो, त्यावर पापुद्रे चढतात. कुंडी कोपऱ्यात, सावलीत सरकवू नका. तिला पूर्वीइतकंच ऊन हवं. पाणी थोडं कमी, पण नियमित. युरिया पूर्ण बंद. त्याऐवजी 0:0:50 हे पालाशयुक्त खत लिटरला 5 ग्रॅम घेऊन पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पानांवर फवारा. फुलकिड्यांसाठी सापळेही तसेच राहू द्या, कारण हंगामाच्या शेवटी ते खाली उतरून कंदावरच मुक्काम करतात.

पानांची टोकं पिवळी, मग तपकिरी व्हायला लागली की पाणी बंद. दोन-तीन आठवड्यांनी, निम्मी-अर्धी पानं वाळल्यावर कंद काढायचे. पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर छोटे कंद देठापासून सुटून मातीत हरवतात.

काढणी आणि साठवण

कोरडा दिवस निवडा. झाडापासून वीतभर लांब कुदळीने माती सैल करा आणि पानं धरून उचला. कुंडी असेल तर ती वर्तमानपत्रावर सरळ उलटी करा. माती झटका, धुऊ नका. पानं कंदापासून एक-दोन सेंटिमीटरवर कापा. सावलीत, वारा खेळत्या जागी, जाळीवर किंवा गोणपाटावर एक थर पसरून दोन-तीन आठवडे सुकवा. उन्हात ठेवले तर भाजतात.

सुकल्यावर नवा कंद एका हातात धरा आणि त्याखालची जुन्या कंदाची वाळकी चकती अंगठ्याने बाजूला रेटा. बरोबर सुकला असेल तर ती कट्कन सुटते आणि खाली स्वच्छ गोल खूण राहते. चिवटपणे ओढली जात असेल तर आणखी चार दिवस थांबा. ती चकती तशीच ठेवून कंद साठवू नका, बुरशी आणि फुलकिडे तिच्यातूनच वर येतात. मग छोटे कंद वेगळे करा, मऊ आणि डागी कंद फेका, बाकीचे पुन्हा कॅप्टनमध्ये बुडवून पूर्ण सुकवा आणि कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरा. पिशवीत जातीचं नाव आणि काढणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी टाका.

मार्चमध्ये काढलेले कंद एप्रिल-मेच्या उकाड्यात बाहेर ठेवले तर सुकून हलके होतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी अवेळी फुटतात. शेतकरी त्यासाठी शीतगृहात 4-5 अंशांवर ठेवतात. घरी फ्रिजचा भाजीचा खालचा कप्पा चालतो. जाळीची पिशवी कागदी पिशवीत घालून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही, आणि फ्रीझरजवळ नाही. महिन्यातून एकदा हात फिरवून बघा, मऊ लागेल तो काढून टाका. लागवडीच्या दोन आठवडे आधी बाहेर काढून सावलीत पसरा. कोंबाची टोकं दिसली की कंद लावायला तयार.

छोट्या कंदांचं काय करायचं

फेकू नका. एका चांगल्या झाडाखाली असे दहा-वीस, काही जातींत त्याहून जास्त निघतात आणि ते मूळ झाडाची हुबेहूब जात असतात. त्यांची साल टणक असते, म्हणून लावण्याआधी एक दिवस पाण्यात भिजवा. वेगळ्या वाफ्यात किंवा पसरट कुंडीत लसणासारखे ओळीने, दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरा. पहिल्या हंगामात गवतासारखी दोन-तीन पानंच येतील. त्यांना मोठ्या झाडांसारखंच ऊन-पाणी द्या, वाळल्यावर काढा, सुकवा, साठवा. दुसऱ्या हंगामाअखेर बरेचसे फुलण्याजोगे होतात, उरलेले तिसऱ्या. चुकून दुसऱ्याच वर्षी एखाद्याने बारीक दांडा टाकला तर तो कोवळा असतानाच खुडा आणि पानं ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच कंदाला भरदार दांडा येईल.